मायच्या साखरेचा आकडा

नवऱ्याला ठाऊक नाही. भावाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे. पण सांगते.

बारावीला मी लातूरला क्लासला होते. माझे खाण्याचे हाल नकोत म्हणून माय अर्धापूरहून येऊन राहिली होती, माझ्या भाड्याच्या खोलीत. तिच्या छातीतली गाठ काढून वर्षही झालं नव्हतं. भूकंपापासून ती दाराशीच झोपायची. दुपारी मीही तिच्याशेजारी आडवी व्हायचे. वडिलांनी बागेतून पाठवलेल्या केळ्यांचा पिकता वास, पडद्यातून येणारं पिवळं ऊन, मायचा हात माझ्या केसांत — ती दुपार अजून कुठेतरी चालूच असेल, असं मला वाटत राहतं. किती सुखात होतो आम्ही!

मायला साखरेचा जुना आजार. नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं — साखर चढलेली राहिली तर गाठीचं दुखणं परत डोकं वर काढू शकतं. दोनशेच्या वर गेली की लगेच या. रोज सकाळी तिच्या बोटाला सुई टोचून मशिनवर मीच बघायचे. साखरेनं तिची नजर अधू केलेली, आकडा तिला दिसत नसे. वहीत मीच लिहायचे.

परीक्षेला दोन महिने उरले होते. एका सकाळी आकडा आला — दोनशे ऐंशी. आता माय नांदेडला जाणार, मला मेसचा डबा, सराव पेपर बुडणार... आणि मला व्हायचं काय होतं? डॉक्टर! हसू नका.

"किती हाय गं?"

"एकशे तीस."

मग रोज तसंच. दोन महिने. वही चांगली दिसत होती, म्हणून नांदेडची खेपही पुढे ढकलली. परीक्षा झाल्यावर नेलं, तेव्हा दुखणं यकृतात पोचलं होतं. मेडिकलला माझा नंबर लागला, त्याच महिन्यात ती गेली.

आता मी शिकलेय. रक्तात साखर आणि इन्शुलिन वाढलेलं असलं की कॅन्सरच्या पेशींचं फावतं, हे पेशंटना मीच समजावते. मायचं दुखणं त्यामुळेच पसरलं का? नक्की कुणालाच सांगता येणार नाही. या 'सांगता येणार नाही'च्या आडोशाला मी इतकी वर्षं बसलेय. पण मला तेव्हा माहीत होतं, बजावलं होतं. आणि मी भ्याले, खोटं बोलले.

त्या सकाळी एकशे तीस ऐकून माय केवढी खुलली. लहान पोरीसारखं तिनं विचारलं, "मंग आज एक केळ खाऊ का गं?"

मीच सोलून दिलं.