वकीलसाहेबांचं पहिलं काम

"मले नाही. मला. म्हण."

मी म्हटलं, "मला."

"तुमच्याले नाही. तुम्हाला."

"तुम्हाला."

व्हरांड्यातले सगळे हसले. रामदासपेठेतला बंगला, वेताच्या खुर्च्या आणि खुर्च्यांसमोर उभी मी. बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. वकीलसाहेब पाय हलवत माझी जीभ सरळ करत होते. शेजारी त्यांच्या बाईसाहेब तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "गोड आहे हो आवाज. तुमच्यातली वाटतच नाहीस."

आणि मी खूश झाले. ते खूश होणं मला अजून खातं. एवढी मोठी शिवी, आणि मी ती हार समजून गळ्यात घालून घेतली.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. महापालिकेची निवडणूक. वकीलसाहेब उभे होते, आणि निवडून आले की महापौर तेच, असं अख्खं शहर धरून चाललं होतं. प्रचाराच्या रिक्षावर त्यांना बाईचा आवाज हवा होता. बाई बोलली की लोक दारात येतात, म्हणे. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली. आमच्या विहारात वंदना म्हणायचे. त्या आवाजाची तारीफ कुणीतरी बंगल्यापर्यंत नेली होती.

महापौर झाल्यावर करायची कामं साहेबांनी माझ्याकडून पाठ करून घेतली. "पहिलं काम, अतिक्रमणमुक्त नागपूर. दुसरं काम, चौकाचौकात कारंजी." मग बागा, मग रस्त्यावरचे दिवे.

मी विचारलं, "साहेब, अतिक्रमण म्हणजे?"

"तुला अर्थाशी काय करायचंय? आम्ही तुझा आवाज घेतलाय. डोकं नाही."

पुन्हा हशा. मीही हसले. इतिहासात आक्रमण वाचलं होतं. अतिक्रमण म्हणजे त्याहून मोठं काहीतरी असेल, कुणा शत्रूला हाकलायचं असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

सायकलरिक्षा. पुढे भोंगा, पायाशी बॅटरी, हातात माईक. बाजूनं सायकलवर साहेबांचा माणूस, गजानन. आधी चांगल्या वस्त्यांमधून फिरलो. पहिलं काम सांगितलं की फाटकात उभे असलेले लोक माना डोलवायचे. कुणी टाळ्याही वाजवायचे. मला वाटायचं, माझ्या बोलण्याला वाजवतात.

मग रिक्षा आमच्या वस्तीत आली. नाल्याच्या काठाला. मी पदर सारखा केला. आईनं बघावं, असं वाटत होतं. घसा साफ करून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं म्हटलं. एकदाही 'ले' आला नाही तोंडात.

बायका बाहेर आल्या. आई भिंत सारवत होती, शेणाचे हात तसेच घेऊन पुढे आली. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"केवढं मस्त बोलून रायली वं तू! अन् हे अतिक्रमण म्हंजे काय वं? आपल्याले काय देऊन रायले थे?"

तेवढ्यात गजानन सायकल टाकून धावत आला.

"अवं, पहिलं काम काहून म्हटलं इथं? इथं पहिलं काम म्हणाचं नसते. दुसऱ्यापासून सुरू कराचं. तुले सांगतलं नाही का कोणी?"

"काहून नाही म्हणाचं?"

त्यानं आमच्या घरांवरून हात फिरवला. आवाज उतरवून म्हणाला, "हेच तं होय अतिक्रमण. इथं बगीचा होणार आहे."

मी गल्लोगल्ली फिरून आमचं घर पाडा म्हणून सांगत होते. गोड आवाजात. शुद्ध भाषेत. फाटकातले लोक टाळ्या कशाला वाजवत होते, ते आत्ता कळलं. आई अजून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला उत्तर हवं होतं.

"चाल, दुसऱ्यापासून म्हण," गजानन म्हणाला.

"नाही म्हणत."

मी माईक तोंडाशी धरला. "आई, अतिक्रमण म्हंजे तू. अतिक्रमण म्हंजे हे घर. साहेब आपल्याले काही देऊन नाही रायला. हे सारं पाडून रायला. हेच त्याचं पहिलं काम आहे!"

गजाननानं बॅटरीची तार उपटली. भोंगा बंद पडला. मी रिक्षाच्या सीटवर उभी राहिले आणि घसा बसेपर्यंत तेच ओरडले.

साहेब निवडून आले. आमची मतं मिळाली नाहीत म्हणून त्यांचं काही अडलं नाही. महापौर झाले, बँड वाजला, हार पडले. मग ट्रक आले. आम्हाला शहराबाहेर मुरमाच्या माळावर नेऊन ओतलं. तिथं पाणी नव्हतं, झाड नव्हतं. भिंतीच्या जागी बांबूच्या ताट्या होत्या, त्या सारवता येत नाहीत. आई तिथं रमली नाही. फार दिवस जगलीही नाही.

नाल्याकाठी बगीचा झाला. कारंजंही आहे. मी एकदाच गेले. आमची चूल कुठं होती ते शोधत होते, सापडेना. आणि तिथं मला माझाच आवाज ऐकू आला, बंगल्यात घोटून घेतलेला. अतिक्रमणमुक्त नागपूर. तेव्हापासून तो कुठंही गाठतो. रेशनच्या रांगेत, भाकरी थापताना. आज हे लिहिते आहे ती भाषाही त्यांच्याच व्हरांड्यातली.

आमच्या घरांच्या ओळीत एक म्हातारी आहे, जुन्या वस्तीतली. तिची नजर गेली. मी तिच्या दारावरून कुणाशी बोलत गेले की ती आतून विचारते, "गाडी आली का वं?"

वाईट मनानं नाही विचारत. माझा आवाज आणि ट्रक तिच्या डोक्यात एकत्र बसलेत. नाही आली, म्हणते मी आणि पुढं जाते.

आता शहर वाढत वाढत ह्या माळाला येऊन भिडलंय. दोन्ही बाजूंना प्लॉट पडले. परवा जमीन मोजायची साखळी घेऊन माणसं आली. पुन्हा निवडणूक आहे, पुन्हा कुणाचं तरी पहिलं काम ठरलेलं असेल.

मागे ट्रक आले तेव्हा आम्ही सामान बाहेर काढलं होतं. आपल्याच हातांनी, नीट, भांड्यावर भांडं रचून. त्यांचं तेवढं काम कमी झालं. ह्या खेपेला मी एक वाटीही बाहेर काढणार नाही. आणि मीही निघणार नाही.