अढीतलं शेवटचं प्रकरण

सरावलीला आमच्या शेजारच्या वाडीतल्या सुभद्राकाकू रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण कधी लगेच वाचू देत नसत. खुनी सापडायची वेळ आली की म्हणत, "बस हवे! घाल अढीत." मग पुस्तक खरोखरच पेंढ्यात, पिकायला घातलेल्या चिकूंशेजारी जाऊन पडे. पहिला चिकू मऊ झाला की मी शेवट वाचायचा. तोवर काकूंनी खुनी ओळखायचा.

काकूंचं माहेर वेवजीचं, म्हणून बोलण्यात गुजराती सहज मिसळे; 'हवे' म्हणजे 'आता'. डोळे अधू, म्हणून वाचायचं काम माझं. चिकूच्या करंड्या गाडीत चढवायला काका डहाणू रोड स्टेशनवर जात, तेव्हा तिथूनच आठ आण्यांची रहस्यकथा आणत. काकूंचा अंदाज मात्र हटकून चुके. त्यांनी वकिलाला धरलं की खुनी स्वयंपाकी निघे.

"हिच्या हाती चौकी दिली तर सगळी सरावली तुरुंगात जाईल," काका ओटीवरून चिडवत.

"एकदा तरी पकडेनच," काकू फणकारत. "मग बघते तुम्हाला!"

माझं लग्न ठरलं, तेव्हा आम्ही एका जुन्या, छडा न लागलेल्या खुनाची कादंबरी वाचत होतो. जमीनदाराला कुणीतरी विहिरीत ढकललेलं, आणि त्याची बहीण वर्षानुवर्षं त्या विहिरीवर दिवा लावत आलेली. काकूंनी हातातला चिकू खाली ठेवला.

"हीच ती."

"काहीतरीच काकू! किती रडते बिचारी."

"माझ्या मनात अढी आहे तिच्याबद्दल. खऱ्या दुःखाला रोज तेल घालावं लागत नाही, पोरी. ते आपलं आपण जळतं."

चिकू पिकायच्या आत माझी पाठवणी झाली. काकूंनी ते पुस्तक माझ्या ट्रंकेत कोंबलं, वर कच्चे चिकू. "इथे राहिलं तर हे वाचून सांगून टाकतील. तूपण एकटीने वाचू नको हं. माहेरपणाला आलीस की वाचू."

नागपूरला चिकू पिकले, खाऊन संपले. पुस्तक मी उघडलं नाही. माहेरपणाला न्यायला भाऊ आला आणि पाणी पिता पिता म्हणाला, "सुभद्राकाकू गेल्या."

वाडीत पोचल्यावर मी पेंढ्याजवळ बसून शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचलं. खून बहिणीनेच केला होता. त्या क्षणी मला काकू इतक्या हव्या होत्या, की पुढची ओळ दिसेना.

"काका," मी ओटीवर जाऊन सांगितलं, "काकूंनी पकडलं."

काकांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं.

"'मग बघते तुम्हाला' म्हणाली होती," ते म्हणाले. "आता कुठली यायला ती!"