फोनला बसवलेले नाक

कोणतीही नवी वस्तू घरात आली की ती चालू करण्याआधी हिराजीभाऊ ती उघडत. मुलाने हौसेने आणलेला स्मार्टफोन त्यांनी खोक्यातून काढला, दोनदा उलटासुलटा केला आणि सुनेचा केस वाळवण्याचा ड्रायर मागून घेऊन फोनची पाठ शेकायला बसले. डिंक मऊ झाला, पाठ निघाली. मुलगा ओरडला, "पप्पा, वॉरंटीची वाट लावली ना!"

"जाऊ दे," हिराजीभाऊ म्हणाले. "आत कोन राहतंय ते बघितल्याबिगर वळख कशी होनार?"

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात जन्मलेला हा माणूस समुद्रावर गेला नाही. होडी लागते, उलट्या होतात म्हणून, असे ते सांगत, आणि हे सांगताना त्यांना लाज वाटत नसे. आमची ओळख अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यातली. बर्फाच्या कारखान्यात किंवा शीतगृहात अमोनिया गळू लागला की घंटा वाजवणारी यंत्रे तिथे बनत. ती नीट वाजतात की नाही हे हिराजीभाऊ तपासत, आणि तपासलेली यंत्रे खोक्यात भरून रवाना करण्याचे काम माझ्याकडे असे. ते मला 'सावंत' म्हणत आणि अरे-तुरे करत. मी त्यांना अहो-जाहो करी. वायू हुंगण्यात आयुष्य गेल्यामुळे त्यांचे स्वतःचे नाक केव्हाच बधिर झाले होते. "कारखान्यानं पगार दिला, नाक ठेवून घेतलं," असे ते म्हणत.

निवृत्तीनंतर त्यांच्या घराची ओटी हीच त्यांची कार्यशाळा झाली. सोल्डरची तापलेली कांडी ते कालवाच्या मोठ्या शिंपल्यावर टेकवत. चष्मा जाळ्याच्या दोऱ्याने गळ्यात अडकवलेला असे. त्यांच्या फोनच्या पाठीवर दुसरी बॅटरी होती, होडीवरच्या टॉर्चचा दिवा होता, आणि कडेला टेबललॅम्पचे खरेखुरे बटण होते. ते दाबले की फोनचा माइक मुळातूनच तुटे. "तोंड बंद करायला बटन पायजे. मानसाला नाय, निदान फोनला तरी." त्यांचे आणखी एक ठरलेले वाक्य होते. "दुकानातून आनला तो कंपनीचा. सोल्डर लागला की आपला."

माझ्या फोनला त्यांनी जुन्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर जोडून दिला होता. माझ्या पत्नीला, सुलभाला, तिच्या बहिणीचे बोलणे नीट ऐकू येत नसे म्हणून. फोन ओट्यावर ठेवून ती पोळ्या लाटता लाटता सावंतवाडीशी गप्पा मारी आणि आमच्या गोरेगावच्या चाळीला तिच्या माहेरच्या सगळ्या बातम्या कळत.

मग ती साथ आली आणि त्यात सुलभा गेली. त्या आठवड्यात मी काय केले हे मला नीट सांगता येत नाही. जेवलो असेन. दाराला कुलूपही लावले असेन. लोक आले नाहीत, कारण येण्याची मुभाच नव्हती. माझ्या डोळ्यांना पाणी आले नाही, आणि पुढेही आले नाही. ही गोष्ट मी तेव्हापासून स्वतःशी तपासत आलो आहे. तिचे समर्थन मला सापडलेले नाही.

पुढे काही महिन्यांनी येण्याजाण्याची मुभा मिळाल्यावर, अशाच एका रिकाम्या सकाळी हिराजीभाऊंचा फोन आला. सांत्वनाचा एक शब्दही न बोलता त्यांनी विचारले, "सावंत, नाक शाबूत हाय काय तुझं?"

"आहे," मी म्हणालो. खरे तर तेवढेच शाबूत होते.

"मग रविवारी ये. जानकीचं गेलंय."

त्यांच्या पत्नीचे, जानकीवहिनींचे, नाक म्हणजे कोळीवाड्यातली एक संस्था होती. वाळवलेले बोंबील आणि जवळा घेऊन बायका एका शेडमध्ये जमत. सगळ्यांचा माल एकत्र होऊन व्यापाऱ्याकडे जाई. त्यात एकीची पाटी जरी आंबलेली गेली तरी बदनामी सगळ्यांची. म्हणून प्रत्येक पाटी आधी जानकीवहिनींपुढे येई. त्या वाकून वास घेत आणि "ठेव" किंवा "परत ने" एवढेच म्हणत. त्यावर वाद होत नसे. हे काम त्यांच्याकडे सासूकडून आले होते. साथीच्या तापातून त्या उठल्या, पण वास परत आला नाही. महिने गेले तरी आला नाही. हे घरात फक्त हिराजीभाऊंना ठाऊक होते.

"कोनाला बोलायचं नाय भावजी," वहिनींनी मला ओटीवर बसवून बजावले. "मी बसते ती जागा माझी नाय, नाकाची हाय. नाकच नाय बोलल्यावर मना तिथं कोन बसवील?"

हिराजीभाऊंनी तोडगा आधीच काढला होता. कारखान्यात वापरला जाई तसा, वास ओळखणारा एक मणी त्यांनी पत्र्याच्या छोट्या डब्यात बसवला. मणी सतत गरम ठेवावा लागे, म्हणून जास्तीची बॅटरी घातली. जुन्या फोनमधली थरथरणारी मोटर त्याला जोडली आणि सगळा संसार वहिनींच्या फोनच्या पाठीवर चिकटवला. माल खराब असला की फोन थरथरे. किती वासाला थरथरायचे हे एक बारीक स्क्रू ठरवी, आणि तो स्क्रू कुठे थांबवायचा हे ठरवण्यासाठी एक खरे नाक हवे होते.

त्यानंतरचे अनेक रविवार मी त्या ओटीवर बोंबील हुंगत घालवले. मालवणकडच्या घरात वाढल्याने मला सुक्या मासळीचा चांगला-वाईट वास कळत असे. कधी संकोचाने मी म्हणे, "तसा बरा आहे." हिराजीभाऊ स्क्रूड्रायव्हर खाली ठेवत. "सावंत, चांगुलपना नको. वास सांग." मी पुन्हा हुंगे आणि खरे ते सांगे. त्या दिवसांत मला कोणी काही विचारत होते ते एवढेच, आणि त्याचे उत्तर मला देता येत होते. ते मला का बोलावत होते हे मला पुष्कळ उशिरा उमगले. सुके बोंबील हुंगणारी नाके कोळीवाड्यात घरोघरी होती. पण बाहेरचे नाक असले तरच गुपित गुपित राहणार होते, हे कारण त्यांनी सांगितले, आणि मी ते तेव्हा पुरेसे मानले.

वहिनी आता शेडमध्ये फोन कानाला लावूनच बसू लागल्या. पाटी आली की फोनसकट वाकत आणि मणी आपले काम करेपर्यंत कोणाशीच नसलेले बोलणे चालू ठेवत. "हां, बोल गो... नाय गो, अजून जेवले नाय... हां..."

"जानकी, कोन गो एवढं बोलतं तुझ्याशी?" एकीने विचारले.

"भावाची सून."

"तुझ्या भावाच्या पोराचं लगीन कवा झालं?"

"व्हायचंय. आधीच बोलून घेते. नंतर बोलतात काय सुना?"

शेड हसली. हंगाम निभावला, एकही पाटी चुकली नाही. हिराजीभाऊ फार बोलत नसत, पण त्या दिवसांत त्यांनी मला दोनदा सांगितले की कारखान्यातल्या कोणत्याही यंत्राने त्यांना इतके समाधान दिले नव्हते.

पुढच्या हंगामात ते एका दुपारी अचानक गोरेगावला माझ्या दारात उभे राहिले. हातात फडक्यात बांधलेले थोडे बोंबील होते. गाठ सोडून त्यांनी एक माझ्यापुढे धरला. "वास घे."

"चांगला आहे."

"नीट घे."

"उत्तम आहे, हिराजीभाऊ. पण या फडक्याला कसला तरी..." मी फडके नाकाशी नेले. "स्पिरिटचा वास आहे. सॅनिटायझरचा."

ते खाली बसले. खुर्ची होती, तरी जमिनीवर बसले. मग त्यांनी सांगितले. त्यांची धाकटी बहीण पारू सकाळी शेडमध्ये पाट्या घेऊन आली होती. वहिनींचा फोन पहिल्या पाटीला थरथरला, दुसऱ्या पाटीलाही थरथरला. वहिनी म्हणाल्या, "परत ने." सगळ्यांच्या देखत. पारूचा माल असा कधी परत गेला नव्हता. ती म्हणाली, "वहिनी, नाक फुकट गेलंय काय तुझं?" बायका हसल्या. वहिनी हसल्या नाहीत आणि शब्दही फिरवला नाही. पारू पाट्या उचलून निघून गेली, आणि जाताना म्हणाली की भावाच्या घराची पायरी आता चढणार नाही. त्याच मालातले थोडे बोंबील हिराजीभाऊंनी तिच्या दारी जाऊन, तिच्याच फडक्यात, मागून आणले होते.

"ती सारखी हात चोळते," हिराजीभाऊ म्हणाले. "सगळ्याच चोळतात, पन पारू जास्त. नवरा त्याच तापात गेला ना तिचा. यंदा तर पाटी, फडकं, सगळं पुसत बसते. मणी स्पिरिटला भुलतो, हे मना ठावं होतं. पयल्या दिवशी शिकवतात कारखान्यात. मी बोल्लो, सुक्या म्हावऱ्यावर स्पिरिट कोन वतनार? आता सगळ्या दुनियेच्या हाताला तेच हाय, हे ध्यानात आलं नाय."

मी विचारले, "मग पारूताईंना सांगायचे ना? तुमची बहीण आहे."

"नाक जानकीचं गेलंय. सांगायचं तिनं. मी माझा डबा काढू शकतो, तेवढंच माझ्या हातात."

त्यांनी घरी जाऊन खरोखर तेवढेच केले. वहिनींना सांगितले की पारूचा माल चांगला होता. मग फोन शेकून डबा उचकटला आणि सपाट झालेला फोन त्यांच्यापुढे ठेवला. वहिनींनी विचारले, "आता उद्या मी काय करू?" हिराजीभाऊ म्हणाले, "मना ठावं नाय." हे त्यांनीच मला सांगितले. एवढ्या वर्षांत, मना ठावं नाय, असे त्यांच्या तोंडून मी ऐकले नव्हते.

दोन दिवस वहिनी शेडमध्ये गेल्या नाहीत. माल साचू लागला. तिसऱ्या दिवशी त्या निघाल्या तेव्हा हिराजीभाऊंनी मला बोलावून घेतले होते. आम्ही दोघे शेडच्या दाराशी उभे राहिलो. आत शिरण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. पारू लांब, पाठ करून बसली होती. पहिली पाटी आली. वहिनी दोन्ही हातांनी ती धरून वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या.  शेवटी त्यांनी मान वर केली.

"पारू, इकडं ये. ही पाटी तू बघ."

"मी कशाला? नाक तुझं."

"माझं नाय राह्यलं. तापात गेलं, ते आलंच नाय. फोनला ह्यांनी डबा लावलेला, तो वास घ्यायचा. तुझा माल चांगला होता. डबा चुकला, आनि मी बोलले नाय."

 हिराजीभाऊंचा हात माझ्या दंडावर होता. तो किती घट्ट होता हे मला घरी गेल्यावर कळले. पारू उठली, हळूहळू चालत आली, कमरेवर हात ठेवून वहिनींसमोर उभी राहिली.

"म्हनून मेले दिवसभर फोनवर चिकटलेली होतीस! मना वाटलं, म्हातारपनी कोन यार केलास!"

आधी एक बाई हसली, मग सगळी शेड. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या की रडत होत्या हे दारातून दिसले नाही. पारू त्यांच्या शेजारी बसली, पाटी पुढे ओढली, हुंगली आणि वहिनींच्या कानात काही बोलली. वहिनींनी मोठ्याने सांगितले, "ठेव." हिराजीभाऊंनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "चल सावंत, चाय मारू."

चहाच्या टपरीवर मी त्यांना विचारले, यंत्र सुधारता आले असते का. स्पिरिटला न भुलणारा मणीही मिळतो, हे मला ठाऊक होते. ते म्हणाले, "मिळतो. आनला असता तर ती अजून त्या भावाच्या सुनेशीच बोलत बसली असती."

त्यानंतर त्या दोघी नणंद-भावजया पाटाला पाट लावूनच बसू लागल्या. वास पारूचा, निकाल वहिनींचा.

हिराजीभाऊ गेल्या वर्षी गेले. दुपारी ओटीवर बसल्या बसल्याच, कोणाला हाक न मारता. मी गेलो, खांदा दिला, आणि परत तेच झाले. डोळे कोरडे राहिले. सगळे दिवस झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो. घरात पाहुणे उरले नव्हते. त्या आत गेल्या आणि खुंटीवरचा हिराजीभाऊंचा शर्ट घेऊन आल्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "मना येत नाय. तुम्ही बघा. हाय काय त्यांचा वास?"

मी शर्ट हातात घेतला. कॉलर हुंगली, खांदा हुंगला, खिसा हुंगला. मला वेळ लागला. काहीतरी सांगावे, सोल्डरचा सांगावा, विडीचा सांगावा, असे मनात आले. वहिनी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"वहिनी, धुतलेला आहे," मी म्हणालो. "साबणाचा येतो फक्त."

त्यांनी शर्ट परत घेतला, मांडीवर ठेवून त्याची घडी घातली.

"मग बरं," त्या म्हणाल्या. "मना वाटलं, सगळ्यांना येतोय आनि मनाच येत नाय."