सोनकांबळेंना घरीच राहायचं होतं

"मला जायचं न्हाई," सोनकांबळे माइकवर म्हणाले.

लातूरच्या एका हॉटेलातला हॉल. समोर नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतले आमचे डीलर, स्टेजवर विमानाचं भलंमोठं चित्र. एकेकाचं नाव पुकारायचं, टाळ्या, फेटा, फोटो आणि हातात थायलंडच्या सहलीचं रंगीत पाकीट, असा कार्यक्रम चालला होता. लोह्याच्या सोनकांबळेंचं नाव आलं. ते स्टेजवर गेले, फेटा बांधून घेतला, पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. लोक हसले. सगळ्यांत जोरात आमचे रिजनल मॅनेजर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

"अहो, आधी वहिनींना विचारा!" ते म्हणाले.

"तिला इचारलंय. तिला बी न्हाई जायचं."

मग मात्र ते हसायचे थांबले.

मी तेव्हा एका बियाणे कंपनीत सेल्स ऑफिसर होतो. आता निवृत्त आहे, नांदेडला असतो. हा धंदा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खेड्यापाड्यांत बी-बियाणं विकणाऱ्या दुकानाला लोक कृषी केंद्र म्हणतात. आम्ही कंपनीवाले त्याला काउंटर म्हणतो. काउंटरला वर्षाचं टार्गेट असतं. टार्गेट पूर्ण केलं की कंपनी परदेशात फिरवून आणते. ऐकायला छान वाटतं. पण कंपनी कुणाला उगाच विमानात बसवत नाही. तिकडे गेल्यावर एका दिवशी हॉटेलच्या हॉलमध्ये मीटिंग ठेवतात. आदल्या संध्याकाळी खाणंपिणं, नाचगाणं झालेलं असतं, माणूस भारावलेला असतो. तेवढ्यात त्याच्याकडून पुढच्या हंगामाचं बुकिंग करून घेतात. कंपनीच्या खर्चानं समुद्र पाहिलेला माणूस माल नको म्हणायला लाजतो. सहल म्हणजे हे.

तरीही मी म्हणतो, ठीक आहे, धंदा आहे. पण ज्याला भेट म्हणता ती नको म्हणायची सोय तरी ठेवा. ज्या वस्तूला नाही म्हटलं की शिक्षा होते तिला भेट म्हणत नाहीत. एवढी साधी गोष्ट मोठ्या पगाराच्या माणसांना समजत नव्हती, याचा मला आजही राग येतो.

हॉलमधून बाहेर पडल्यावर पार्किंगमध्ये आरएमनी मला गाठलं. रिजनल मॅनेजरला आम्ही आरएम म्हणायचो.

"कदम, हा माणूस फुटला."

"नाही सर. मी त्यांना सुरुवातीपासून ओळखतो."

"मग कारण काय?"

"घरी राहायचंय म्हणतात."

"हे काय कारण आहे?"

"सर, त्यांचं तेच आहे."

"टूर नाकारणारा डीलर म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या खिशात गेलेला डीलर. माझा अनुभव आहे. त्याला विमानात बसव, नाहीतर लोह्यात दुसरं काउंटर बघ. बसस्टँडजवळचा तो नवीन दुकानदार तयार आहे. पासपोर्टसुद्धा आहे त्याच्याकडे."

दुसरं काउंटर म्हणजे काय ते सांगतो. आमचं एक सोयाबीनचं वाण तेव्हा जोरात चालायचं. मागणी जास्त, माल कमी. त्यामुळे कुठल्या काउंटरला किती माल द्यायचा ते आम्ही ठरवायचो. तो माल नव्या दुकानाकडे वळवला की पेरणीच्या तोंडावर सोनकांबळेंचं गिऱ्हाईक पायरीवरून माघारी जाणार. आणि ही पायरी साधी नव्हती. सोनकांबळेंनी दुकान टाकलं तेव्हा आसपासच्या गावांतले मोठे शेतकरी ती चढत नव्हते. का चढत नव्हते ते, आडनाव ऐकलं की, इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पिशवीतलं बी उगवत गेलं, माणूस खोटं बोलत नाही हे पटत गेलं, तशी एकेक करून माणसं आत आली, खुर्चीवर बसली, चहा प्यायली. आता ते सगळं एका सहलीपायी मोडायला निघाले होते.

मी लोह्याला गेलो. दुकानाचं शटर खाली. त्यावर पाटी: 'दुकान बंद आहे. मालक घरी आहेत.' हरभऱ्याच्या बियाण्याचा हंगाम उरकला की सोनकांबळे दरवर्षी जानेवारीत आठवडाभर दुकान बंद ठेवायचे. बाहेरगावी आहेत, लग्नाला गेले आहेत, असलं काही नाही. मालक घरी आहेत. ज्याला अगदीच नड असेल तो घरी यायचा. सहल नेमकी याच आठवड्यात होती. त्यांच्या सुट्टीचा आज पहिला दिवस होता आणि विमान तीन दिवसांवर.

घरी गेलो तर बनियनवर अंगणात बसलेले. समोर परातीत तुरीच्या उकडलेल्या शेंगा. शेजारी वहिनी. दोघं शेंगा खात होते, आणि टरफलांचा ढीग पाहता बराच वेळ खात होते.

"या सायब. बसा. शेंगा खा."

मी बसलो. शेंगा खाल्ल्या. मग विषय काढला.

"भाऊ, खरं सांगा. विमानाची भीती वाटते का?"

"न्हाई. त्यात काय भ्यायचं? बसलं की बसलं."

"दुसऱ्या कंपनीनं काही कबूल केलंय का?"

"त्येंनी बी इचारलं व्हतं. दुबईला चला म्हनले. त्येंना बी न्हाईच म्हनलो."

"तिकडं बुकिंगचा आग्रह होतो, म्हणून नको का?"

"माल नगं असला तर नगं म्हनायला मला काय थायलंड आडवं येतंय?"

"मग काहून?" मीही त्यांच्या बोलीत शिरलो.

"काहून म्हंजी? वरीसभर दुकानात उबा असतो. ह्ये आठ दिस माजे हायेत. घर बांधलंय, सायब, ते ऱ्हायला बांधलंय. दुपारी जेवून खाटंवर आडवं व्हायचं, उठलं की च्या प्यायचा, हिच्यासंगं चार गोष्टी बोलायच्या. ह्ये मला लई आवडतं. ह्येच्यात काय चुकलं?"

"आवो भाऊ, लोक मला म्हनतेत, जगात येवढं बगायला हाय," वहिनी म्हणाल्या. "म्हनलं, आसंल की. मला ह्येंचं तोंड दिवसाउजेडी बगायला मिळंना, आन् मी समुद्र काय बगू?"

मी नोकरदार माणूस. मला वरती सांगायला काहीतरी कारण हवं होतं. मी आवाज खाली आणून म्हणालो, "भाऊ, आपण असं करू. बीपीचा त्रास आहे असं कळवतो. नांदेडला ओळखीचे डॉक्टर आहेत, सर्टिफिकेट देतील. विषय मिटेल. काउंटरही वाचेल."

सोनकांबळेंनी हातातली शेंग परातीत टाकली.

"मला बीपी न्हाई."

"माहीत आहे. कागदावर फक्त..."

"कागदावर बी न्हाई. सायब, आजारी मानूस घरी बसतो म्हनून मी आजारी व्हायचं का? मी बरा हाय. बरा हाय म्हनून घरी बसून राहिलोय. तसंच सांगा तुमच्या सायबाला."

मी गाडी काढली आणि परत नांदेडला येईपर्यंत मनातल्या मनात आरएमना शिव्या घातल्या. एका धडधाकट माणसाला आपल्याच घरात राहण्यासाठी सिक लीव्ह मागायला लावायची वेळ आम्ही आणली होती. आणि त्या माणसानं टार्गेट पूर्ण केलेलं होतं हो! ज्यांनी नाही केलं त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. याला मात्र खुलासा मागत होते.

फोनवर आरएमना जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं.

"बरा आहे म्हणून घरी आहे? व्हॉट नॉन्सेन्स!"

"सर, यात गुन्हा काय आहे?"

"गुन्हा नाही, ॲटिट्यूड आहे. हे पसरलं तर उद्या अर्धे लोक घरी बसतील. कदम, इमोशनल होऊ नकोस, प्रोफेशनल हो. लोह्याचं नवीन काउंटर फायनल समज. सोनकांबळेची सीट आपण त्यालाच देतोय."

म्हणजे माल जाणार होता आणि विमानातली खुर्चीसुद्धा. मी फोन ठेवला आणि बायकोवर उगाचच ओरडलो. ती म्हणाली, आरएमवर ओरडा ना. बरोबर होतं तिचं.

सहलीला मला जावंच लागलं. डीलर सांभाळणं ही माझी ड्यूटी. कोण हरवला, कुणाची बॅग राहिली, कुणाला तिकडचं जेवण चालत नाही, हे सगळं सेल्स ऑफिसरनं बघायचं. जेवण कुणालाच चालत नव्हतं. पहिल्याच दिवशी पिशव्यांतून ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकऱ्या निघाल्या. बसमध्ये गाइड इंग्रजीत मंदिराची माहिती सांगत होता आणि आमची मंडळी मुदखेडला ढगाळ आहे का, हरभऱ्यावर घाटेअळी दिसते का, याची फोनवर चौकशी करत होती.

अशातच मुदखेडच्या बालाजीरावांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बसमधून सोनकांबळेंना व्हिडिओ कॉल लावला. बालाजीराव म्हणजे आमच्या भागातलं सगळ्यांत मोठं काउंटर. घरची बागायत शेती, बोलणं रोखठोक.

"काय करून राहिलाव?"

"हुरडा खाऊन राहिलो," सोनकांबळेंचा आवाज आला. फोनमध्ये त्यांचं अंगण, मधे आगटी, गोवऱ्यांचा धूर, आणि वहिनी हातावर कणसं चोळताना. जानेवारीचा महिना. आमच्याकडे ज्वारी हुरड्यात आलेली असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत कंपनीनं सगळ्यांना उचलून समुद्रावर आणलं होतं.

"दाव की जरा!"

फोन हातोहात फिरला. मागच्या सीटवरचे उठून पुढे आले. कुणी विचारलं, चटणी कुठली आहे. कुणी म्हणालं, दही दाखवा. खिडकीबाहेर ज्याच्यासाठी लोक हजारो मैल येतात तो निळा समुद्र होता आणि अख्खी बस लोह्याच्या एका अंगणाकडे टक लावून बघत होती. गाइडनं माइक खाली ठेवला. पुढच्या सीटवर आरएम ताठ बसून होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण ऐकू सगळं येत होतं. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या हॉलमध्ये बुकिंगची मीटिंग. आरएमचं भाषण झालं, आपण एक फॅमिली आहोत वगैरे. पहिला नंबर नेहमी बालाजीरावांचा असायचा. ते मोठा आकडा बोलले की बाकीचे त्यामागे जातात. आरएमनी पेन पुढे केलं. बालाजीरावांनी ते घेतलं नाही.

"आदी लोह्याचं सांगा. सोनकांबळेचं काउंटर तोडून राहिलाव म्हनं?"

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. सोनकांबळेंच्या खुर्चीत बसून आलेला तो नवा दुकानदार मागच्या रांगेत होता. लोक काय ते समजले होते.

"तो कंपनीचा इंटर्नल विषय आहे," आरएम म्हणाले.

"मंग बुकिंग बी आमचा इंटर्नल विषय. घरी जाऊन इचार करतो."

"बालाजीराव, असं काय करता?"

"असं काय म्हंजी? टार्गेट त्येनं केलं, का न्हाई? फिरायला नगं म्हनला, येवढंच ना? उद्या तुमच्या टूरमदी माज्या पोरीचं लगीन निगालं, तर माजं बी काउंटर जाईल का? आमी तुमचा माल इकतो. आमचे पाय इकलेले न्हाईत तुमाला."

 एकेक करून सगळ्यांनी पेनं टेबलावर ठेवली. कंधारच्या डीलरनं तर खिशाला लावलेलं स्वतःचं पेनही काढून ठेवलं.

आरएम फोन घेऊन बाहेर गेले. कितीतरी वेळ काचेपलीकडे येरझारा घालताना दिसत होते. आत आले तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं.

"अरे, लोह्याबद्दल हा गैरसमज कुणी पसरवला? सोनकांबळे आपले जुने माणूस आहेत. त्यांचं काउंटर कोण तोडतंय?"

असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जणू मीच तोडत होतो! तिथल्या तिथे काहीतरी बोलावं असं फार वाटलं. पण लोह्याचा माल वाचला होता, म्हणून गप्प बसलो. त्या वर्षी माझ्या अप्रेझलमध्ये, म्हणजे वरिष्ठ वर्षाअखेर आपल्याबद्दल शेरा लिहितात त्यात, 'डीलरना कन्व्हिन्स करण्यात कमी पडतात' असं आलं. प्रमोशन दुसऱ्याला गेलं. बसस्टँडजवळच्या दुकानदाराला काउंटर मिळालं नाही, पण थायलंड फुकटात पाहून झालं. सगळ्या प्रकरणात फायदा झालेला तेवढा एकच माणूस.

पेरणीला माल वेळेवर आला. सोनकांबळेंच्या दुकानात खुर्च्या कमी पडल्या.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच लातूरचा हॉल. या वेळी चित्र दुबईचं. आरएम एकेक नाव पुकारत होते. लोह्याचं नाव गाळून ते सरळ पुढे उदगीरच्या नावावर गेले. मला वाटलं, बरं झालं, कटकट टळली. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक हात वर झाला.

"सायब, लोहा राहिलं."

आरएम वैतागले. "सोनकांबळे, तुम्ही येणार आहात का?"

"न्हाई."

"मग नाव कशाला घ्यायचं?"

"टार्गेट झालंय माजं. नाव घ्या. फेटा बांदा. टाळ्या वाजू द्या. मंग न्हाई म्हनतो."

पहिली टाळी बालाजीरावांची होती. फेटा मी बांधला.

निवृत्तीनंतर मुलगा माझ्या मागे लागलाय, बाबा आता तरी युरोप बघा. मी नाही म्हटलं. परवा त्यानं काळजीनं विचारलं, बाबा, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, बरी आहे, म्हणून तर घरी आहे.