अर्धी टाकी, कढी आणि मास्तरांची पाणबुडी

मॉडेलने तिसऱ्यांदा नाक खाली केलं आणि काचेच्या टाकीच्या तळाशी जाऊन डोक्यावर उभं राहिलं.

"पाणबुडीने पाण्याखाली जायचं असतं हे मान्य," माझी बॉस लिंडा म्हणाली, "पण शीर्षासन करायला कोणी सांगितलं?"

ही २००२ची गोष्ट. आम्ही न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला राहायचो. डॉट कॉमच्या पडझडीत माझी आधीची नोकरी गेली होती. म्युझियमसाठी चालती मॉडेल्स बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीने मला उचललं होतं. व्हिसा या नोकरीला बांधलेला. पाणबुडीचं काम हातून गेलं तर कंपनी मला ठेवणार नव्हती, आणि आम्ही चौघं बॅगा भरणार होतो. काम साधं दिसत होतं. सुरुवातीच्या काळातल्या एका पाणबुडीचं चार फुटी मॉडेल. त्याने बुडायचं, सरळ पुढे जायचं, वर यायचं. म्युझियमचे ट्रस्टी दोन आठवड्यांनी बघायला येणार होते.

पाणबुडीच्या पोटात बॅलास्ट टँक असतो, म्हणजे रिकामी टाकी. तिच्यात पाणी घेतलं की बोट जड होते आणि खाली जाते. मी ठरवलं, कॉम्प्युटर हवं तेवढंच पाणी आत घेईल, नको तेवढं बाहेर टाकेल, आणि बोट अधांतरी तरंगेल. पुण्यात इंजिनिअरिंग आणि वर दहा वर्षं कोडिंग. नम्रता दोन्हीकडे शिकवत नाहीत.

म्युझियमतर्फे बॉब यायचा. नेव्हीत पाणबुडीवर आयुष्य काढलेला, मोजकं बोलणारा म्हातारा. त्याने जुन्या ड्रॉइंगची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली.

"हे मास्तरांचं. आयरिश शाळामास्तर, इथेच जर्सीत शिकवायचे. पहिली बोट पहिल्याच दिवशी नदीत बुडाली. कोणीतरी प्लग लावायला विसरलं होतं."

मी मनापासून हसलो.

"नेव्हीने त्यांना किती वर्षं टोलवलं," बॉब म्हणाला, "आणि शेवटी बोट विकत घेतली. त्यांची टाकी बघ."

"बॉब, त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता."

"नव्हता," बॉब म्हणाला आणि कॉफी घ्यायला गेला.

त्या शनिवारी मराठी मंडळाचं पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ न्यायचा. वर्षाने, म्हणजे माझ्या बायकोने, कढीचं पातेलं गाडीत ठेवायला दिलं. काठोकाठ भरलेलं. सांडेल म्हणून मी हुशारीने अर्धी कढी घरातच काढून ठेवली. पहिल्या सिग्नलला ब्रेक दाबला. कढी सगळी पुढे धावली, झाकण उडालं आणि गाडीतलं कार्पेट पिवळं झालं.

"अरे, मी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलं होतं," वर्षा म्हणाली. "तिला हलायला जागाच नव्हती. जागा तू करून दिलीस."

मागून मुलगी म्हणाली, "बाबा, धिस इज सो ग्रोस."

मला मात्र पाणबुडी दिसत होती. तिच्या पोटातली टाकीही अशीच अर्धी असायची. नाक जरा खाली गेलं की आतलं पाणी पुढे धावायचं, त्याने नाक आणखी खाली जायचं. कॉम्प्युटरला कळेपर्यंत शीर्षासन झालेलं असायचं.

सोमवारी झेरॉक्स नीट पाहिली. मास्तरांनी टाकी अशा मापाची केली होती, की पूर्ण भरली तरी बोट पाण्यापेक्षा किंचित हलकीच राहावी. पूर्ण भरल्यामुळे पाणी हलत नाही. मग बुडायचं कसं? पुढे जाता जाता, शेपटीच्या आडव्या पंखांनी खाली वळायचं, डॉल्फिनसारखं. त्याआधी अमेरिकेतल्या यादवी युद्धात हाताने दांडा फिरवून चालवलेल्या एका पाणबुडीने आपलीच माणसं बुडवली होती. म्हणून बोट हलकी ठेवायची. चालणं थांबलं, की ती आपोआप वर येते. एका शाळामास्तराने हे कागद-पेन्सिलीवर ओळखलं होतं. मी टाकी नवीन केली आणि माझं निम्मं कोड डिलीट केलं.

ट्रस्टी आले. बोट डौलात खाली गेली, सरळ निघाली. काचेच्या टाकीच्या मध्यावर पोचली आणि माझा प्रोग्रॅम हँग झाला. मोटर बंद. मी कीबोर्ड बडवतोय, लिंडाचा चेहरा पांढरा. व्हिसा, बॅगा, मुलांची शाळा, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

बोट क्षणभर थांबली. मग आडवीच्या आडवी, शांतपणे वर आली.

"वा," सगळ्यात वयस्कर ट्रस्टी म्हणाले. "इंजिन बंद पडलं तर काय होतं, तेही दाखवलंत."

"हो," लिंडा म्हणाली. "ते मुद्दाम."

बॉब माझ्या कानाशी आला. "मास्तरांना थँक यू म्हण."

काम मंजूर झालं, नोकरी टिकली. घरी सांगितलं तर वर्षा म्हणाली, "म्युझियमच्या पाटीवर माझं नाव कुठे आहे?"

तेव्हापासून मी दोनच नियम पाळतो. भांडं भरायचं तर काठोकाठ, नाहीतर भरायचंच नाही. आणि काहीही बनवताना आपला प्रोग्रॅम हँग होणार हे धरूनच चालायचं. मास्तरांनी ते प्रोग्रॅम नसतानाच धरलं होतं.