कुंदाआत्याच्या नावानं

माणूस गेलं की घरात दोन गोष्टी साठतात. भेटायला येणाऱ्यांनी आणलेली केळी आणि किस्से. केळी काळी पडली की संपतात तरी. किस्स्यांचं तसं नाही. येणारा प्रत्येक जण एक ऐकून जातो आणि दोन ठेवून जातो.

आमच्याकडे कुंदाआत्या गेली. बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, वसईतल्या एका शाळेत जन्मभर पी.टी. शिकवली आणि माझ्या जन्माआधीपासून आमच्याच फ्लॅटमध्ये राहिली. तिची आणि माझ्या आईची स्वयंपाकघरात रोज जुंपायची. आत्या आईच्या प्रत्येक भाजीला नावं ठेवायची. आई "बरं, वन्सं" म्हणायची आणि पुढच्या वेळी तीच भाजी अगदी तशीच करायची.

त्यामुळे आत्या गेल्यावर लोक बाबांच्या पाठीवर हात ठेवत होते, काकांना जवळ घेत होते आणि आईला बाजूला नेऊन हळूच सांगत होते, "सुटलीस गं बाई." आई चहा ठेवायला आत जायची. रोज जिच्याशी सगळ्यात जास्त बोलणं व्हायचं ती बाई गेली होती, आणि आईला रडायची परवानगीच कुणी देत नव्हतं. माझं डोकं फिरलं ते तिथून.

*

पहिलं भांडण अस्थींवरून झालं. आत्यानं मला शंभरदा सांगून ठेवलं होतं, मला राजोडीच्या समुद्रात सोडा. रोज पहाटे ती तिथं चालायला जायची. पण मोठे काका डोंबिवलीहून आले ते ठरवूनच. आमच्यात नाशिकलाच जातात, त्यांनी जाहीर केलं. मी म्हटलं, तिची इच्छा होती. काका म्हणाले, "समुद्राचं काही खरं नाही. भरतीला परत येईल ती."

मग पिढ्या, परंपरा, आजकालच्या मुली असं सगळं झालं. शेवटी बाबांनी तह केला. चिमूटभर राजोडीला, बाकी नाशिकला.

नाशिकला काकांच्याच गाडीनं निघालो. लाल फडक्यात बांधलेला कलश मागच्या सीटवर, माझ्या शेजारी. हायवेला लागायच्या आधी काकांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, मागचं दार उघडलं आणि कलशाला नीट सीटबेल्ट लावला. मी बघतेय हे लक्षात आल्यावर खेकसले, "बघतेस काय? ओरडली असती ती."

कसारा घाट चढेपर्यंत मग मी त्यांच्याशी एकदाही भांडले नाही.

*

तेराव्याला काकूनं टूम काढली की प्रत्येकानं कुंदाताईंच्या नावानं एकेक आवडीचा पदार्थ सोडायचा. बाबांनी जिलबी सोडली. जिलबी म्हणजे बाबांचा जीव की प्राण. काकूनं आइस्क्रीम सोडलं.

काकांनी घसा साफ केला आणि दुधी भोपळा सोडला.

मला राहवलं नाही. "काका, तुम्ही आयुष्यात कधी दुधी खाल्लाय?"

"म्हणूनच तर पाळता येईल," काका म्हणाले. "तिला वचन देऊन मोडायची माझी हिंमत नाही."

आईची पाळी आलीच नाही. ती वाढत होती.

*

नंतर आत्याचं कपाट उघडलं. साड्या नात्यातल्या बायकांना वाटायच्या असतात म्हणून काकू आदल्या रात्रीच मुक्कामाला आलेली. बायकांचा घोळका जमला. कपाटात निघाल्या दोन साड्या आणि वरपासून खालपर्यंत ट्रॅकसूट. घडी घातलेले, इस्त्री केलेले, डांबराच्या गोळ्यांसकट.

साड्या वयानं मोठ्या असलेल्या दोघींनी घेतल्या. बाकीच्या बायका केळी खाऊन निघून गेल्या. काकू मात्र हट्टानं एक निळा ट्रॅकसूट घेऊन गेली. आता ती तो घालून डोंबिवलीत सकाळची चालते. घट्ट होत नाही का, असं मी फोनवर विचारलं.

"होतो ना. पण काय सांगू, तो अंगात असला की मधे बाकावर बसायची सोयच नाही. मागून शिट्टी वाजेल असं वाटतं."

आईला काही हवंय का, हे कुणी विचारलं नाही. मी चिडून तसं बोलून दाखवलं, तर काका म्हणाले, "अगं, त्यांचं कुठं पटत होतं?" जसं काही पटणाऱ्यांनाच माणूस आठवतं!

*

फॅमिली ग्रुपचा घोळ वेगळाच. आत्याचा नंबर ग्रुपमधून काढायचा कुणी? ॲडमिन बाबा, आणि बाबा फोन हातात घेऊन नुसते बसून राहायचे. काकांनी तोडगा काढला. कुणालाच काढायचं नाही, नवा ग्रुपच काढायचा. काढला. नाव दिलं, देवाचा फोटो लावला, सगळ्यांना घेतलं, आणि यापुढे इथंच लिहावं, अशी सूचना टाकली.

नव्या ग्रुपवर ती एक सूचना तेवढी आहे. बाकी वाढदिवस, लग्नाच्या पत्रिका, कुणाच्या गुडघ्याचा एक्सरे, सगळं अजून जुन्याच ग्रुपवर येतं. काकांना विचारलं, तर म्हणाले, "तिला न सांगता काही केलेलं तिला चालत नसे."

*

रोझी टीचर ही आत्याची शाळेतली मैत्रीण, भुईगावची. नोव्हेंबरात ऑल सोल्स डेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आली आणि सोफ्यावर बसल्या बसल्या तिनं आम्हालाच फैलावर घेतलं. म्हणाली, आमच्याकडे त्या दिवशी सगळा गाव सिमेट्रीत जातो, आपापल्या माणसाला फुलं घालतो, मेणबत्ती लावतो, बसून बोलतो. तुम्ही लोक मात्र माणूस जाळता, पाण्यात सोडता आणि मोकळे होता. मी कुंदाची मेणबत्ती लावू कुठं?

मला आवडलंच ते. मी म्हटलं, मग काय केलं?

"काय करणार? माझ्या नवऱ्याच्या कबरीवर त्याची लावली, तिथंच कोपऱ्यात हिची लावली. त्याला सांगितलं, जरा सरक. जिवंतपणी तिला घाबरायचा, मेल्यावर काय बोलणार आहे?"

बाबा कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले.

रोझी टीचर मग आईकडे वळली. "सुमन, तू कुठं बसतेस तिच्याशी बोलायला?"

इतक्या महिन्यांत आईला कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. आई म्हणाली, "माझी भाजी राहिलीय गॅसवर," आणि आत गेली.

मी मागोमाग गेले. गॅस बंद होता. आई ओट्याला टेकून उभी होती.

*

परवा आत्याचं वर्षश्राद्ध झालं. आईनं तिच्या आवडीचं वालाचं बिरडं केलं. आदल्या दिवशी भिजलेल्या वालांची परात घेऊन एकटीच सोलत बसली होती. मी मदतीला गेले, तर म्हणाली, राहू दे, तू डाळिंब्या मोडतेस. त्या जागी पूर्वी दोघी समोरासमोर बसायच्या आणि वाल संपेपर्यंत वाद घालायच्या.

कावळ्याचं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. वसईत एरवी कावळे हातातली पोळी नेतात. त्या दिवशी एकच आला, पाण्याच्या टाकीवर बसला आणि आमच्याकडे बघत राहिला. पानाकडे ढुंकून बघेना.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. गुरुजींना पुढं दुसरीकडे जायचं होतं. काकांनी हात जोडून वचनं द्यायला सुरुवात केली. कुंदे, तुझ्या शाळेला कपाट देऊ. कुंदे, धाकट्याला सांभाळू. कावळा ढिम्म. काकूनं रोज चालायचं कबूल केलं. बाबा पुढं झाले, काहीतरी पुटपुटले, मागं सरकले. काही नाही.

"हिचं अजून काय राहिलंय?" काका वैतागून सगळ्यांना विचारायला लागले. चुलत्यांना, शेजाऱ्यांना, अगदी गुरुजींनासुद्धा.

माझा या कशावर विश्वास नाही. पोटात आग पडली होती आणि डोक्यातही. मी ओरडलेच, "सगळ्यांना विचारताय, एकदा आईला विचारा ना!"

सगळ्यांनी वळून बघितलं. आई जिन्याच्या दाराशी उभी होती, हाताला पीठ. कुणी काही बोलायच्या आत ती ताडताड चालत कठड्यापाशी गेली. हात जोडले नाहीत. कमरेवर ठेवले.

"वन्सं, पुरे झालं आता. माणसं उपाशी आहेत. गूळ जास्त पडलाय, मला माहितेय. वर्षभर जास्तच पडतोय, सांगायला कोण आहे? नावं ठेवायची ना, मग खाऊन ठेवा."

कावळा टाकीवरून उतरला. पानावर एक पाय दिला, बिरड्यात चोच घातली, दोन डाळिंब्या उचलल्या, गिळल्या. मग कठड्यावर चोच घासली, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, आणि उडून गेला.

काकांनी डोळे मिटून नमस्कार केला. गुरुजी घाईनं जिना उतरू लागले. आई पानाकडे बघत होती.

"तेलही जास्त झालंय म्हणतायत," ती मला म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून तिथंच, गच्चीवर, खाली बसली.