हाताची घडी घालणाऱ्या सावंतकाकू

दहिसरला आमच्या इमारतीमागच्या बागेत सकाळी हास्यक्लब भरतो. सगळे हात वर करून ‘हा हा हा’ करायचे आणि मधोमध सावंतकाकू हाताची घडी घालून, ओठ आवळून उभ्या. कुणी फार आग्रह केला, तर म्हणायच्या, “कायच घडला नाय आणि हसू? मी काय खुळी आसंय?” तरी रोज जायच्या. ती खोटं हसणारी तोंडं आठवून घरी आल्यावर त्यांना खरं हसू फुटायचं.

काकू आमच्या शेजारी राहायच्या, मूळच्या मालवणकडच्या. विनोद त्यांनी कधी सांगितला नाही; मोबाइलवरचे विनोद वाचून दाखवले तर चेहरा कोरा. पण मजल्यावरच्यांच्या नकला अशा करायच्या, की ज्याची नक्कल तोच आधी हसायचा. लोक हसतात तरी कशाला, असं मी एकदा विचारलं. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “माणूस खंय हसता म्हायत हा? जंय आपला कायतरी गावता थंय.” आपलं काहीतरी सापडतं तिथे माणूस हसतो. या विषयावर जाडजूड पुस्तकं असतील, मला एवढं पुरतं.

माझे वडील, आप्पा, गेले तेव्हा आई दगडासारखी झाली. रडली नाही, बोलली नाही, घोटभर चहावर राहिली. येणारा प्रत्येक जण ‘सावरा’ म्हणून जायचा आणि आमची धास्ती वाढायची. एका दुपारी काकू आल्या आणि ‘चल वयनी, खाली बाकावर बसू’ म्हणत आईला हाताला धरून घेऊन निघाल्या. सुतकातल्या बाईला बाहेर काय नेता, म्हणून आत्या कुरकुरली. मी मागोमाग गेले.

आमच्या लिफ्टचं दार उघडं राहिलं, की आतला बायकी आवाज ‘कृपया दरवाजा बंद करें’ घोकत बसतो. आप्पा त्याला दर वेळी उत्तर द्यायचे. त्या दिवशीही तो आवाज सुरू झाला. काकूंनी नाकावर नसलेला चष्मा आप्पांसारखा वर सारला, दार सावकाश ओढलं आणि थेट त्यांच्या सुरात म्हणाल्या, “करतो गं बाई. गुडघे माझे दुखतात, घाई तुला.”

मी संतापले. काकूंना बोलणारच होते, तेवढ्यात आईला फस्सकन हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली आणि खाली पोचलो तरी काकूंच्या खांद्यावरून डोकं उचलेना. सुतकात आमची चूल बंद होती. संध्याकाळी काकूंकडून आलेला पिठलं-भात ती पोटभर जेवली.

यंदा काकू गेल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांची सून शिल्पा तेव्हाच्या आईसारखीच, भिंतीला टेकून गप्प बसली होती. कालपासून तिने काही खाल्लं नाही, असं घरचे म्हणाले. आई तिच्यासमोर उभी राहिली. हाताची घडी घातली, मान ताठ केली, ओठ आवळले. शिल्पाने वर पाहिलं.

“कायच घडला नाय आणि हसू?” आई म्हणाली.

शिल्पा ओढणीत तोंड खुपसून हसली आणि मग तिचा बांध फुटला. आई तिला कुशीत घेऊन खाली बसली आणि मला म्हणाली, “घरून भात घेऊन ये. ही आता जेवेल.”